गाभण घोडीच्या अंडाशयातल्या ‘गाठी’

प्रश्न थोडक्यात असा आहे. धुळ्याकडच्या एका मालकांची सहा वर्षांची मारवाडी घोडी. लावल्यानंतर १६व्या आणि २८व्या दिवशी सोनोग्राफी झाली, दोन्ही वेळा गाभ दिसला, दुसऱ्या वेळी हृदयाचे ठोकेही दिसले. ५४व्या दिवशी पुन्हा पाहिलं तर गर्भ जिवंत आहे, पण दोन्ही अंडाशयांत मिळून पाच-सहा ‘गाठी’ आणि पाण्याने भरलेली दोन मोठी पुटकं. त्यात भर म्हणजे नर घोडा जवळून गेला की घोडी शेपूट उचलते. एकजण म्हणतो गाभ जिरतोय. दुसरा म्हणतो अंडाशयात ट्यूमर आहे. तिसऱ्याने म्हशीला देतात ते गाभ टिकवायचं इंजेक्शन दर आठवड्याला द्यायला सांगितलंय. आणि चौथा म्हणतो, गाभ पाडायचं प्रोस्टाग्लँडिन देऊन मोकळी करा आणि पुन्हा लावा.

आधी उत्तर सांगतो, मग कारण. चौघांचंही ऐकू नका. तुम्ही जे वर्णन केलंय ते ५४ दिवसांच्या गाभण घोडीचं नेहमीचं चित्र आहे. त्या दिवशी मला एका अंडाशयात एकच गाठ आणि बाकी सगळं शांत दिसलं असतं, तर उलट मी दुसऱ्यांदा प्रोब फिरवून बघितलं असतं.

गोंधळ होतो त्याचं कारण साधं आहे. आपण सगळेच, मालक आणि डॉक्टर दोघंही, गाय-म्हैस डोळ्यांपुढे ठेवून विचार करतो. कॉलेजात पाच वर्षं गायी-म्हशींमध्ये जातात आणि घोडी पुरवणीसारखी शेवटी येते. म्हशीचा हिशोब सरळ असतो. बीज सुटलं की त्या जागी पीतपिंड तयार होतो, आपण ज्याला रोजच्या बोलण्यात सीएल म्हणतो. तो प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभ टिकवणारं संप्रेरक, सोडतो आणि तेवढ्या एका पिंडावर म्हैस दहा महिने गाभ सांभाळते. एक गाभ, एक सीएल. घोडीत हा हिशोब चालत नाही. तिच्या अंडाशयाला गर्भ स्वतःच हुकूम सोडतो, आणि पाच-सहा महिन्यांनी त्याच अंडाशयाला कामावरून काढूनही टाकतो.

सुरुवात मात्र म्हशीसारखीच. बीज सुटलेल्या जागी पहिला सीएल तयार होतो. आठवड्याभरात रक्तातलं प्रोजेस्टेरॉन साधारण ८ ते १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत जातं. घोडी गाभण नसेल तर १४-१५व्या दिवशी गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन सुटतं, सीएल मोडतो आणि घोडी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. गाभण असेल तर गर्भाने हे प्रोस्टाग्लँडिन थांबवायचं असतं. गायीचा गर्भ त्यासाठी इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन सोडतो आणि एका जागी लांबच लांब पसरतो. घोडीचा गर्भ गोल राहतो, कठीण पारदर्शक कवचात, आणि १६व्या दिवसापर्यंत गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांतून, म्हणजे फाट्यांतून, दिवसातून अनेकदा फेऱ्या मारतो. रात्री गस्त घालणाऱ्या गुरख्यासारखा सगळ्या अस्तराला ‘मी आहे’ असं सांगत फिरतो. १२-१३व्या दिवशी प्रोब लावून दहा मिनिटं धीर धरला, तर काळा गोल ठिपका डाव्या शिंगातून उजवीकडे सरकताना स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो. जुळं असेल तर त्यातला एक फोडायचा तो याच दिवसांत, दोघं एकाच जागी रुतून बसायच्या आधी.

पहिला सीएल वाचला, पण तो काही जोरात राहत नाही. ३०-३५ दिवसांपर्यंत त्याचं प्रोजेस्टेरॉन हळूहळू उतरत जातं. इथवर गाभ सांभाळतो तो एकच सीएल, गायीसारखाच. खरी घोडीची गोष्ट पुढे सुरू होते.

२५व्या दिवसाच्या सुमारास गर्भाच्या आवरणावर पेशींचा एक फिकट पट्टा तयार होतो, कंबरपट्ट्यासारखा. ३६ ते ३८व्या दिवसांत त्यातल्या पेशी पट्टा सोडून थेट आईच्या गर्भाशयाच्या अस्तरात घुसतात आणि तिथेच ठाण मांडतात. त्यांना आपण एंडोमेट्रियल कप म्हणतो. पुस्तकात वाचून हे नीट कळत नाही. मला ते कळलं एका शवविच्छेदनात. आतड्याला पीळ पडून मेलेली घोडी होती, अंदाजे ६५ दिवसांची गाभण. गर्भाशय उघडलं तर गर्भाच्या भोवती शिंगाच्या बुडाशी कड्यासारख्या ओळीत फिकट उंचवटे होते, काही नखाएवढे, काही अंगठ्याएवढे लांब, कडा वर आलेल्या आणि मधे खोलगट. दिवाळीला अंगणात ओळीने पणत्या मांडाव्यात तसे. खोलगट भागात मधाच्या रंगाचा चिकट द्रव साचलेला. बोटाला लागला की तार निघत होती. त्याच द्रवात गाभण घोडीचं ते प्रसिद्ध संप्रेरक भरलेलं असतं: ईसीजी, म्हणजे इक्वाइन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन (हृदयाचा ईसीजी नव्हे). जुनं नाव पीएमएसजी.

त्याच घोडीची अंडाशयं कापली. सात सीएल मोजले. काही काळपट लाल, म्हणजे ताजे. काही गेरूच्या रंगाचे, जुने. गायीच्या अंडाशयावर सीएल बाहेर मुकुटासारखा उठलेला असतो, हात घालून तपासला की बोटाला लागतो. घोडीचं अंडाशय मात्र आतून-बाहेर उलटं केल्यासारखं असतं. बीज सुटायची जागा एकच, अंडाशयाच्या आतल्या खाचेत, त्यामुळे सगळे सीएल आतमध्ये दडलेले राहतात. सोनोग्राफी येण्याआधी नुसत्या हाताने तपासणाऱ्या डॉक्टरांना हे पिंड बोटाला लागतच नव्हते, म्हणून ‘गाठी दिसल्या’ ही तक्रारही कुणी करत नव्हतं. यंत्र आलं आणि निरोगी घोड्या एकदम आजारी दिसायला लागल्या.

ईसीजीची गंमत अशी. १९३० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कोल आणि हार्ट या दोघांनी गाभण घोड्यांचं रक्तद्रव वयात न आलेल्या उंदरांना टोचलं आणि उंदरांची अंडाशयं वेळेआधी जागी झाली. तेव्हापासून हे संप्रेरक गाभण घोडीच्या रक्तातून काढून जगभर विकलं जातं. आइसलँड आणि दक्षिण अमेरिकेत त्यासाठी गाभण घोड्यांचं रक्त काढतात, आणि त्यावर बराच वादही आहे. तुमच्याकडे म्हशी असतील आणि माजावर न येणाऱ्या एखादीला कधी ‘पीएमएसजी’ टोचून घेतलं असेल, तर ते कुठल्यातरी घोडीच्या त्या पणत्यांमधून आलं होतं. म्हशीत, मेंढीत, उंदरात हे संप्रेरक दुहेरी काम करतं: पुटकं, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या, वाढवतं आणि बीजही सोडवतं. घोडीत मात्र त्याचा एकच गुण चालतो, बीज सोडवायचा आणि सीएलला जोर द्यायचा, म्हणजे एलएच या संप्रेरकाचा. कारण घोडीचं स्वतःचं एलएच आणि हे ईसीजी एकाच जनुकातून तयार होतात. वेगळी असते ती त्यावर चढलेली साखर.

मग पुटकं वाढवतं कोण? मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी. गाभण असूनही घोडीत साधारण दर दहा दिवसांनी एफएसएच या तिच्या संप्रेरकाची लाट येते आणि पुटकांची नवी तुकडी वाढते. म्हशीत अशी पुटकं विरून जातात. घोडीत ४०व्या दिवसानंतर ईसीजी वाटच बघत असतं. पुटक पुरेसं मोठं झालं की ते फुटतं आणि नवा सीएल तयार होतो, किंवा न फुटताच जागच्या जागी घट्ट होऊन सीएलचं काम करू लागतं. पहिल्या सीएललाही पुन्हा चेव येतो. ईसीजी सर्वांत जास्त असतं ते साधारण ५५ ते ७० दिवसांत. म्हणजे तुमची सोनोग्राफी बरोबर भर बाजारात झाली. पडद्यावर दिसलेल्या पाच-सहा ‘गाठी’ म्हणजे पहिला सीएल आणि त्याची धाकटी भावंडं. मधे काळं रक्त आणि त्यात पांढऱ्या धाग्यांची जाळी दिसली असेल, तर तो अगदी ताजा. पाण्याने भरलेली दोन पुटकं म्हणजे रांगेतली पुढची दोन. या सगळ्यांमुळे ३५व्या दिवसाकडे उतरत चाललेलं प्रोजेस्टेरॉन पुन्हा वर चढतं आणि अडीच-तीन महिन्यांच्या सुमारास परत उंची गाठतं.

आता शेपूट उचलण्याबद्दल. ३५-४० दिवसांच्या आसपास घोडीच्या रक्तात इस्ट्रोजेन हे माजाचं संप्रेरकही वाढू लागतं, आणि ते गर्भाकडून नाही, आईच्या अंडाशयातूनच येतं. ईसीजीने चेतवलेला सीएल प्रोजेस्टेरॉनबरोबर इस्ट्रोजेनही सोडतो. घोडीच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. काही घोड्या त्यामुळे नर पाहून शेपूट उचलतात, लघवीच्या पिचकाऱ्या टाकतात, योनीची उघडझाप करतात. माझ्या ओळखीची एक काठियावाडी घोडी दर गाभणपणात दोन महिन्यांची झाली की नराच्या कुंपणाजवळ जाऊन उभी राहायची. मालकाला दर वेळी घाम फुटायचा, आणि तिने दर वेळी वेळेवर शिंगरू दिलं. माजाच्या लक्षणावरून घोडी रिकामी ठरवायची नाही. आणि नर मात्र लावू द्यायचा नाही, कारण त्या वेळी आत संसर्ग गेला तर खरंच गाभडेल.

ट्यूमरचं म्हणाल तर घोडीच्या अंडाशयात ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ होते, हे खरं. पण ती बहुतेक वेळा एकाच बाजूला होते. ते अंडाशय मोठं होतं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं दिसतं, आणि दुसऱ्या बाजूचं सुकून सुपारीएवढं होतं. तुमच्या घोडीची दोन्ही अंडाशयं कामाला लागलेली आहेत आणि पोटात जिवंत गर्भ आहे. तरीही शंका राहिली तर टेस्टोस्टेरॉन किंवा इनहिबिन ही संप्रेरकं तपासून काही निष्पन्न होणार नाही, ती दोन्ही गाभणपणातही वाढलेली असू शकतात. एएमएच (अँटी-म्युलेरियन हॉर्मोन) तपासा. मला मात्र इथे तपासणीचीही गरज वाटत नाही.

प्रोस्टाग्लँडिन देऊन पुन्हा लावायचा सल्ला सगळ्यांत महागात पडला असता. ३५ दिवसांच्या आत एका इंजेक्शनने गाभ जातो आणि घोडी आठवड्याभरात पुन्हा माजावर येते. त्यानंतर कप तयार झालेले असतात, एका इंजेक्शनने भागत नाही, वारंवार द्यावं लागतं. आणि गर्भ गेला तरी कप जात नाहीत. ते आईच्या अस्तरात रुतलेले असतात आणि ठरल्या दिवसापर्यंत ईसीजी सोडत राहतात. साधारण १००-१२० दिवसांपर्यंत, कधी त्याहूनही पुढे. तोपर्यंत घोडी नीट माजावर येत नाही, आलीच तर गाभ धरत नाही. कप लवकर काढून टाकायचा भरवशाचा उपाय नाही. हंगाम गेला म्हणून समजायचं. जुळ्यांची काळजी ३०व्या दिवसाच्या आत का घ्यायची, तेही याच कारणाने.

याच गोष्टीचा एक उलटा फटका मी बघितलाय. एका तबेल्यात घोडीची रक्ततपासणी ८०व्या दिवशी झाली, ईसीजी भरपूर, रिपोर्ट ‘गाभण’. सहा महिने तिला गाभणीचा खुराक चालला, पोटही थोडं वाढलं, मालकीणबाईंनी शिंगराचं नावसुद्धा ठरवून ठेवलं होतं. गर्भ बहुधा ४०-५० दिवसांत कधीतरी जिरला होता. रिपोर्ट खोटा नव्हता. ईसीजीची तपासणी कप आहेत एवढंच सांगते, गर्भ आहे की नाही ते सांगत नाही. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने ईसीजीवर आधारित गाभण तपासणीची किट काढलेली आहे, सोनोग्राफी न मिळणाऱ्या ठिकाणी ती उपयोगाची, पण ही मर्यादा लक्षात ठेवून. पुढे कधी सारंगखेड्याच्या यात्रेत कुणी रक्ताचा कागद दाखवून ‘गाभण’ म्हणून घोडी गळ्यात मारू लागला, तर सोनोग्राफी करूनच पैसे मोजा. घोडीला गाढव लावून खेचराचा गाभ असेल, तर उलटी फसगत होते. खेचराचा गर्भ असला की ईसीजी मुळातच खूप कमी तयार होतं आणि कप लवकर मरतात, म्हणजे गाभण असूनही रिपोर्ट ‘रिकामी’ येऊ शकतो. किती ईसीजी होणार ते आईपेक्षा पोटातल्या गर्भाच्या वाणावर, म्हणजे बाप घोडा की गाढव यावर, ठरतं.

आता त्या इंजेक्शनबद्दल. म्हशीला आणि गायीला आपल्याकडे सर्रास देतात ते हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट. घोडीत त्याचा उपयोग नाही. हे माझं मत नाही, प्रयोगात दिसलेलं आहे. गाभण घोड्यांना प्रोस्टाग्लँडिन देऊन सीएल मोडला आणि मग वेगवेगळी गाभ टिकवणारी औषधं दिली. ज्यांना आल्ट्रेनोजेस्ट, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम औषध, दिलं त्यांचा गाभ टिकला, ज्यांना हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन दिलं त्यांचा गेला. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन या त्याच जातीच्या औषधाचीही तीच गत. घोडीच्या गर्भाशयातल्या प्रोजेस्टेरॉनच्या कुलपात ही किल्ली बसत नाही. अपाय फारसा होत नाही, म्हणून डॉक्टर देतात, मालक समाधानी होतो, शिंगरू झालं की श्रेय इंजेक्शनला. घोडीत चालतं ते साधं तेलातलं प्रोजेस्टेरॉन, तेही रोज टोचायचं, किंवा तोंडातून रोज आल्ट्रेनोजेस्ट. आल्ट्रेनोजेस्ट हाताळताना हातमोजे घाला, आणि घरातल्या बायकांना, विशेषतः गरोदर बाईला, ती बाटली हाताळू देऊ नका. कातडीतून अंगात जातं.

आधार कधी द्यावा लागतो? पहिल्या दोन महिन्यांत घोडीला जोराचा पोटशूळ, जुलाब किंवा तापासारखं काही झालं, तर आतड्यातलं विष रक्तात उतरतं, त्याने प्रोस्टाग्लँडिन सुटतं आणि सीएल मोडून गाभ जाऊ शकतो. अशा वेळी लगेच आल्ट्रेनोजेस्ट सुरू केलं तर गाभ वाचतो, हे बघितलेलं आहे. किंवा पहिल्या महिन्यात रक्तात प्रोजेस्टेरॉन ४ नॅनोग्रॅमच्या खाली आलेलं दोनदा दिसलं तर. तुमच्या घोडीत यातलं काहीच नाही. पाच-सहा सीएल असलेल्या घोडीला बाहेरून प्रोजेस्टेरॉन देणं म्हणजे भरल्या विहिरीत घागर ओतणं.

पुढे काय होतं तेही सांगतो, नाहीतर पाचव्या महिन्यात तुम्ही पुन्हा घाबराल. ७०व्या दिवसाच्या पुढे वार, म्हणजे प्लासेंटा, स्वतःच प्रोजेस्टेरॉनच्या जातीची संप्रेरकं तयार करू लागते. आईच्या पांढऱ्या पेशी कपांवर चाल करून येतात, १२० दिवसांपर्यंत त्यांना बाहेर ढकलतात, ईसीजी संपतं. मग सीएल एकेक करून सुकू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत अंडाशय लहान, कडक, गप्प होतं. प्रयोगात अंडाशयं शस्त्रक्रियेने काढून पाहिली आहेत. २५ ते ४५ दिवसांत काढली तर गाभ जातो. ५० ते ७० दिवसांत काढली तर काहींचा राहतो. १४० दिवसांनंतर काढली तरी गाभाला काही होत नाही. त्यामुळे सातव्या महिन्यात रक्तातलं प्रोजेस्टेरॉन १-२ नॅनोग्रॅमवर आलं तर दचकू नका. त्या वेळी वारेतून येतं ते मुख्यतः ५-अल्फा-डायहायड्रोप्रोजेस्टेरॉन आणि त्याचे भाऊबंद, आणि नेहमीच्या लॅबमधली तपासणी ते धड मोजत नाही.

आणि याच काळात पोटातल्या शिंगराच्या बीजग्रंथी, नर असो की मादी, फुगून आईच्या अंडाशयांपेक्षा मोठ्या होतात. सात-आठ महिन्यांच्या मेलेल्या गर्भात पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला त्या मूत्रपिंडच वाटल्या होत्या. त्या कच्चा माल बनवतात, वार त्याचं इस्ट्रोजेन करते आणि आईच्या लघवीतून ते धो-धो बाहेर पडतं. त्यात इक्विलिनसारखी फक्त घोड्यांच्या जातीत सापडणारी इस्ट्रोजेनं असतात. १९४२ पासून अमेरिकेत बायकांच्या रजोनिवृत्तीसाठी विकलं जाणारं ‘प्रेमारिन’ यातूनच आलं, नावसुद्धा ‘प्रेग्नंट मेअर्स युरिन’ मधूनच जुळवलेलं. तुमच्या कामाची गोष्ट अशी की १०० दिवसांनंतर रक्तात किंवा लघवीत इस्ट्रोन सल्फेट हे इस्ट्रोजेन भरपूर असलं, तर गर्भ जिवंत आहे. ईसीजी जे सांगू शकत नाही ते हे सांगतं.

तुम्ही आता इतकंच करा. इंजेक्शन काही नको. घोडीला नरापासून लांब बांधा. ६५-७०व्या दिवशी सोनोग्राफी करा आणि डॉक्टरांना अंडाशयापेक्षा गर्भाकडे बघायला सांगा: हृदयाचे ठोके, भोवतीचं पाणी स्वच्छ काळं आहे का, की त्यात पांढरे कण तरंगताहेत. योनीतून स्राव आला, पोट दुखलं, ताप आला तर त्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. आणि या वेळी गाठी पाचाच्या आठ झालेल्या दिसल्या तर मला फोटो पाठवू नका, शिंगरू झालं की त्याचा पाठवा.